शिफ्टिंगच्या आधी खेळण्यांचा लिलाव: ढीग करण्यापासून पैसे हातात पडेपर्यंत

पॅकर्स-मूव्हर्सवाला घर बघायला येतो तेव्हा खेळणी किती जड आहेत ते तो विचारत नाही, किती जागा अडवतील ते नजरेनेच मोजतो. आणि जागा अडवण्यात खेळण्यांचा हात कोणी धरू शकत नाही. घसरगुंडी आतून पोकळ, बॅटरीवरची जीप आतून पोकळ, किचन सेट पोकळ. मूल आता सायकलवर सोसायटीभर हिंडतंय आणि आपण त्याचा तीन वर्षांपूर्वीचा वॉकर नाशिकच्या सिडकोतून गंगापूर रोडला भाडं भरून नेतोय, असं होऊ द्यायचं नसेल तर ट्रक ठरायच्या आधीच कामाला लागावं. घर बदलायच्या तारखेपासून सहा आठवडे मागे मोजा आणि तिथे सुरुवात करा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिफ्टिंग असेल तर लिलाव एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपवा. नंतर निम्मं नाशिक गावाला गेलेलं असतं, आणि जूनमध्ये पालकांचे पैसे वह्या-पुस्तकं, गणवेशात अडकतात.

लिलाव करायचा कुठे?

ऑनलाइन लिलाव म्हटलं की जुन्या लोकांना ईबे आठवतं. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ १४ ऑगस्ट २०१८ रोजी बंद झालं. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस ही किंमत टाकून घासाघीस करायची ठिकाणं आहेत. तिथे तुम्ही ८०० लिहिता, समोरचा "३०० फायनल?" विचारतो आणि गायब होतो. खरी बोली आज लागते ती व्हॉट्सअॅपवर आणि फेसबुकच्या ग्रुपांवर: सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा, एखाद्या भागातल्या आयांचा, आणि छोट्या गाड्या किंवा लेगो जमवणाऱ्या छंदवाल्यांचा. या छंदवाल्या ग्रुपांत "एसबी" म्हणजे सुरुवातीची बोली आणि "बीआयएन" म्हणजे लगेच घेऊन टाकायची किंमत. या दोन गोष्टी कळल्या की तिथली निम्मी भाषा कळते.

सोसायटीच्या मुख्य ग्रुपवर थेट लिलाव मांडू नका. पाण्याच्या टँकरचा मेसेज आणि तुमच्या बाहुलीची बोली एकमेकांत मिसळतात, आणि सेक्रेटरी वैतागतो. अॅडमिनला विचारून तिथे एकच मेसेज टाका आणि इच्छुकांसाठी वेगळा तात्पुरता ग्रुप काढा. एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, पण तुम्हाला साठ-सत्तर खरे गिऱ्हाईक पुरतात. फक्त ते एकाच बिल्डिंगमधले नसावेत. इंदिरानगर, कॉलेज रोड, नाशिकरोड, म्हसरूळ असे चार बाजूंचे पालक असले म्हणजे एकमेकांच्या भिडेखातर बोली थांबत नाही. शेजारीण शेजारणीच्या वर सहसा बोली लावत नाही, हे लक्षात ठेवा.

आधी तीन ढीग

सगळ्याच खेळण्यांचा लिलाव करायचा नसतो. लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांचा घोळका असला तर भाव चढतो, एकटाच उभा असला तर तो म्हणेल तो भाव. प्रत्येक खेळण्यापुढे स्वतःला एवढंच विचारा की हे हवं असणारी किमान दोन माणसं मला ठाऊक आहेत का? "हो" असेल तरच लिलाव.

पहिल्या ढिगात जमवण्याजोग्या आणि टिकाऊ वस्तू: लेगो, हॉट व्हील्स, मेकॅनिक्सचे धातूचे संच, चांगले बोर्ड गेम, बार्बी, लाकडी खेळणी, भातुकली. दुसऱ्या ढिगात मोठ्या वस्तू: सायकल, घसरगुंडी, बॅटरीची जीप, अभ्यासाचं छोटं टेबल. यांना गिऱ्हाईक एक-दोनच असतं आणि न्यायला टेम्पो लागतो, म्हणून त्या ठरलेल्या किमतीला विका. सायकलची जाहिरात करताना चाकाचा आकार लिहा, १६ इंची की २० इंची. नुसतं "मुलांची सायकल" लिहिलंत की उरलेला दिवस तेच उत्तर देण्यात जातो. जीपची बॅटरी सहा व्होल्टची आहे की बारा, आणि चार्ज धरते का, तेही आधीच बघून ठेवा. महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी बहुतेक वेळा गेलेलीच असते.

तिसरा ढीग विकायचाच नाही. तडा गेलेलं प्लास्टिक, ज्यातून बारीक ताकदवान चुंबक बाहेर येतात असे संच, बटणाच्या आकाराच्या सेलचं झाकण हरवलेली गाणी म्हणणारी खेळणी, रंगाचे पोपडे निघालेली जुनी रंगीत खेळणी. बटण सेल किंवा दोन चुंबक मुलाने गिळले तर प्रकरण थेट ऑपरेशनपर्यंत जातं, त्यामुळे इथे "घेणारा बघून घेईल" चालत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती कोणते तुकडे देऊ नयेत ते तपासायला प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारा तुकडा लहानग्यासाठी धोक्याचा. घरी पट्टी लावून अंदाज येतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेव्हा अलीकडे घेतलेल्या खेळण्यावर ते असेल तर फोटोत दाखवा. लहान मुलांच्या आया पहिल्यांदा तेच शोधतात.

ढीग करताना मूल समोर हवं. ते शाळेत असताना गुपचूप विकलेला डायनासोर नेमका नव्या घरी पहिल्या रात्री आठवतो. "अजून नाही" असा एक खोका त्याला द्या आणि त्या खोक्याला हात लावू नका. विक्रीतले थोडे पैसे त्याचे, हे आधी ठरवलंत तर खोका आपोआप लहान होतो.

साफसफाई

लेगो कोमट पाण्यात, ४० अंशांपेक्षा गरम नको, थोडा साबण घालून धुवायचं आणि पंच्यावर पसरून सुकवायचं. उन्हात किंवा मशीनमध्ये टाकू नका. सेलच्या खाचेत पांढरी पूड जमली असेल तर ती अल्कलाइन सेल गळल्याची खूण आहे. कानकोरणीच्या कापसाला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पुसा, मग कोरड्या कापसाने, आणि नवे सेल घालून खेळणं चालतंय का ते बघा. स्टिकरचा चिकटा खोबरेल तेलाने निघतो. टेडी धुतलात तर आतपर्यंत वाळू द्या, पावसाळी हवेत आतला कापूस ओलाच राहतो आणि आठवड्याने वास मारतो.

प्रत्येक खेळण्यावरचं मुलाचं नाव, शाळेचं लेबल, तुकडी काढून टाका. हे स्वच्छतेसाठी नाही, मुलासाठी.

लॉट बांधणं, हीच खरी कला

सुटी विकली तर पन्नास खेळण्यांचे पन्नास व्यवहार होतात, आणि ट्रकच्या आठवड्यात तेवढा वेळ कुणाकडे असतो? सगळं एका पोत्यात भरलं तर भाव भंगाराचा येतो. मधला मार्ग असा की एका लॉटमध्ये, म्हणजे एकत्र विकायच्या गठ्ठ्यात, एकाच वयाचं, एकाच आवडीचं सामान घ्यायचं आणि प्रत्येक लॉटमध्ये एक तरी वस्तू अशी ठेवायची जिच्यासाठी माणूस थांबेल. लाकडी आगगाडी, तिचे रूळ, दोन पूल आणि एक स्टेशन हा लॉट. आगगाडी, बाहुली आणि कॅरमच्या सोंगट्या हा लॉट नव्हे.

लेगोचं सांगतो. सूचनापुस्तिकेवर किंवा खोक्यावर चार-पाच आकडी संच क्रमांक असतो. तो सापडला तर पुस्तिका हरवली असली तरी लेगोच्या संकेतस्थळावरून पीडीएफ फुकट उतरवता येते. मग तुकडे जुळवून पाहा आणि "पूर्ण" किंवा "चार तुकडे कमी" असं लिहा. क्रमांक सापडत नसेल तर किलोवर विका, पण त्याआधी माणसांच्या छोट्या आकृत्या बाजूला काढा, त्या वेगळ्या विकल्या जातात. आणि नकली ठोकळे मिसळलेत का ते बघा. अस्सल लेगोच्या प्रत्येक उंचवट्यावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं. नकली ठोकळेही खपतात, पण स्वतंत्र लॉटमध्ये, नाव सांगून.

हॉट व्हील्सच्या पोटावरचं वर्ष बघून गाडी जुनी आहे असं लिहू नका. ते त्या साच्याच्या डिझाइनचं वर्ष असतं, गाडी कधी बनली त्याचं नव्हे. बार्बीच्या पाठीवरच्या १९६६ची गोष्टही तीच. जाणकार असली चूक हेरतात आणि पुढे तुमच्या बाकीच्या लॉटवरही विश्वास ठेवत नाहीत.

आता भातुकली, कारण नाशिकच्या घराघरांत ती माळ्यावर पडलेली असते आणि बहुतेक जण ती मोडीत घालतात. आजीने भांडी बाजारातून घेतलेली पितळी भातुकली हा या सगळ्या पसाऱ्यातला सगळ्यात भारी लॉट ठरू शकतो. ती घेणारे दोन प्रकारचे: लेकीसाठी घेणारी आई आणि शोकेससाठी घेणारा शौकीन. म्हणजे बोलीला लागणारी दोन माणसं आयतीच मिळाली. आधी वजन करा आणि मोडीचा भाव काढून ठेवा. ती तुमची खालची मर्यादा, त्याखाली सुरुवात करायची नाही. मग जुन्या चादरीवर सगळं मांडा: घागर, कळशी, तांब्या, बंब, परात, पोळपाट-लाटणं, पळी, झारा, एकात एक बसणारी पातेली. पातेली खरंच एकात एक बसतात का ते करून बघा, एखादं दुसऱ्याच संचातलं असतं. प्रत्येक झाकण आपापल्या भांड्यावर ठेवा, म्हणजे कुठलं हरवलंय ते लगेच दिसतं. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, आकार कळतो. आतली कल्हई उडालीय का ते दाखवणारा एक फोटो जवळून. आणि घासूनपुसून लखलखीत करू नका. नुसती धूळ धुऊन पुसून घ्या. आईला चकचकीत हवं असेल तर ती चिंच लावेल, शौकिनाला मात्र तो जुना काळपट रंगच हवा असतो आणि एकदा घासला की तो परत येत नाही. किती नग आहेत ते मोजून लिहा, आणि मोजलेला आकडा दुसऱ्या कुणाकडून पुन्हा मोजून घ्या.

फोटो आणि मजकूर

सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, साध्या चादरीवर. फ्लॅश नको. लॉटचा नंबर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी फोटोतच ठेवा, फोटो पुढे फिरला तरी नंबर सुटत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवताना एचडी निवडा. एक फोटो सगळ्या लॉटचा, एक सर्वांत चांगल्या वस्तूचा, एक सर्वांत वाईट खरवडीचा. तिसरा फोटो टाकायला हात कचरतो, पण नंतर गेटवर होणारी हुज्जत तोच वाचवतो.

फोटोत मुलाचा चेहरा नको. सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर नको. आणि "आम्ही पंधरा तारखेला घर सोडतोय" असं तर कुठेच लिहू नका. बांधाबांध चाललेलं घर, तारीख आणि पत्ता या तिन्ही गोष्टी अनोळखी लोकांना एकत्र देण्यासारख्या नाहीत. "जागेअभावी विकतोय" एवढं पुरे.

मजकूर असा असावा:

लॉट ७. पितळी भातुकली, २३ नग. दोन झाकणं नाहीत, एका पातेल्याला पोचा. सुरुवात ₹१,५००. पायरी ₹१००. बंद रविवारी रात्री १०.००. घेऊन जाणं पाथर्डी फाटा परिसरातून, रविवारनंतर तीन दिवसांत.

पायरी म्हणजे नवी बोली आधीच्यापेक्षा किमान किती वर हवी ते. सुरुवातीची किंमत ठरवताना एकच विचार करा: एवढ्यावरच थांबलं तरी मी हसत देईन का? लपवलेली किमान किंमत ठेवू नका. बोली लागून शेवटी "नाही, परवडत नाही" म्हणालात तर पुढच्या लॉटला कोणी येत नाही. सुरुवात थोडी खाली ठेवली की पहिली बोली लवकर येते, आणि पहिल्या बोलीनंतरच बाकीच्यांना ती वस्तू हवीशी वाटू लागते. नव्याची एमआरपी लिहून "फक्त अर्ध्या किमतीत" म्हणणं मला पटत नाही. ऑनलाइन दुकानात ती वस्तू एमआरपीला कोण घेतं? सध्या नवी कितीला मिळते ते बघून त्यावर हिशेब करा.

बोलीचे नियम

नियम लिलावाच्या आदल्या दिवशी ग्रुपवर टाका आणि पिन करा. बोली लॉटच्या फोटोला रिप्लाय करूनच लावायची, नाहीतर कुणाचे ९०० कशावर ते कळत नाही. व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवल्यावर १५ मिनिटांपर्यंत तो बदलता येतो, फेसबुकवरची कमेंटही बदलता येते. म्हणून "एडिटेड" दिसलेली बोली बाद. सारख्या रकमेच्या दोन बोली आल्या तर तुमच्या फोनवर आधी दिसलेली धरायची.

सगळे लॉट एकदम बंद करू नका. ९ वाजता पहिला, ९.१० ला दुसरा, असे दहा-दहा मिनिटांनी बंद करा, म्हणजे एका लॉटमध्ये हरलेला माणूस दुसऱ्याकडे वळतो. रविवारची रात्र चांगली, पोरं झोपायच्या तयारीत असतात आणि आया फोनवर. मात्र भारताची मॅच असेल तर दिवस बदला. शेवटच्या सेकंदाला येणाऱ्यांसाठी नियम ठेवा: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ आणखी पाच मिनिटं वाढेल.

कायद्याचं थोडं. १९३०च्या वस्तुविक्री कायद्यात लिलावासाठी कलम ६४ आहे. त्याप्रमाणे प्रत्येक लॉट हा वेगळा करार धरतात. लिलाव संपल्याचं जाहीर होईपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. विकणाऱ्याने स्वतः बोली लावायचा हक्क आधी सांगून राखून ठेवला नसेल तर त्याला बोली लावता येत नाही, आणि भाव चढवायला खोटी बोली लावली असेल तर घेणारा सौदा मोडू शकतो. थोडक्यात, मेव्हण्याला ग्रुपमध्ये घालून "१,८००" म्हणायला लावणं हा नुसता चावटपणा नाही. आणि वेळ संपली की "लॉट ७ विकला, ₹२,३००" असा स्पष्ट मेसेज टाका. सौदा तिथे पक्का होतो. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला तेव्हाच सांगून ठेवा की पहिला चोवीस तासांत पैसे देत नसेल तर तुमचा नंबर.

घरातल्या वापराची खेळणी विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण वैयक्तिक वापराच्या अशा वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. दर महिन्याला खेळणी आणून विकायला लागलात तर तो धंदा झाला, त्याचा हिशेब वेगळा.

पैसे

यूपीआय चांगलं, पण एक गोष्ट पाठ करून ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगा: पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. "मी लष्करात आहे, बदली झालीय, बाहुली न बघताच घेतो, हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील" असा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसले पाहिजेत. "चुकून दहा हजार पाठवले, आठ परत करा" हा त्याचाच भाऊ. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

पोचवणं

नाशिकमधल्या नाशिकमध्ये कुरिअरची गरज नाही. एकच दिवस, एकच दोन तासांची वेळ ठरवा आणि सोसायटीच्या गेटवर किंवा क्लब हाउसमध्ये पिशव्या मांडून बसा, प्रत्येकीवर लॉट नंबर आणि घेणाऱ्याचं नाव. घरात कुणाला बोलावू नका. नाशिकरोडचा माणूस म्हसरूळला यायला कुरकुरतो, तेव्हा सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा मुंबई नाक्यासारखं मधलं ठिकाण सुचवा. पैसे दिले असतील तर तो पार्सल नेणाऱ्या अॅपची गाडी पाठवू शकतो, भाडं त्याचं.

पुण्या-मुंबईला पाठवायचं असेल तर आधी खोका मोजा. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांत जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय ३० चा खोका म्हणजे ७.२ किलो, आत दीड किलोचा टेडी असला तरीही. म्हणून टेडी गावातच विका आणि हॉट व्हील्स, लेगो, भातुकली बाहेरगावी पाठवा. पोस्टाचं स्पीड पोस्ट आणि एसटीचं पार्सल हेही पर्याय आहेत, भाव विचारून मगच जाहिरातीत "पाठवणी वेगळी" लिहा. सेल काढून घ्या.

खोक्यांसाठी पैसे घालवू नका. द्राक्षांच्या हंगामात नाशिकमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांना आणि कागदाच्या कात्रणाला तोटा नसतो. ओळखीच्या फळवाल्याकडे मागा. चार-पाच किलोचा द्राक्षाचा खोका भातुकलीला अगदी बरोबर होतो, फक्त आत द्राक्षाचा रस सांडलेला नाही ना ते बघा, मुंग्या पार्सलबरोबर पुण्याला जातात.

उरलेलं

दोन लिलावांत बोली न लागलेला लॉट तिसऱ्यांदा मांडू नका. जवळच्या अंगणवाडीत विचारा, पण धड चालणारं आणि धुतलेलंच द्या. तुटलेलं प्लास्टिक भंगारवाल्याला. सेल आणि बॅटरीची खेळणी घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात न टाकता ई-कचऱ्यात.

प्रत्येक लॉट घेणाऱ्याचा नंबर शिफ्टिंग होईपर्यंत पुसू नका. ट्रकच्या दिवशी सोफा सरकवला की त्याच्याखालून कोडं पूर्ण करणारा तुकडा, भातुकलीचं झाकण आणि आगगाडीचं चाक बाहेर येतं. लॉट नंबर लिहिलेली एक पिशवी त्या दिवशी हातात ठेवा, मजुरांनाही दाखवून ठेवा. दोन झाकणं नाहीत म्हणून लिहिलं होतंत ना, त्यातलं एक सापडलं की फोटो काढून पाठवा आणि लगेच पोचतं करा.